वरच्या कप्प्यातलं इंजेक्शन

उमरीच्या जनावरांच्या दवाखान्यात ग्यानोबानं एकतीस वर्षं लसी सांभाळल्या. साहेब आले, बदलून गेले. लसींच्या फ्रीजची किल्ली मात्र ग्यानोबाच्या करदोट्यालाच राहिली. निवृत्तीनंतरही लोक त्याला 'डॉक्टर' म्हणत, आणि त्यानं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

सून पुनमच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे व्हायला लागले. गोळ्यांनी भागेना, तेव्हा नांदेडच्या मॅडमनी पंधरा दिवसाला एक इंजेक्शन लिहून दिलं, आणि घरातला तो कारभार आपसूक ग्यानोबाकडं आला. सिरिंजा आल्या की तो त्या फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात, आमरसाच्या डब्याशेजारी रचायचा. लस जितकी गार तितकी ताजी, हा त्याचा जुना हिशेब. टोचायच्या दिवशी एक काढून तळहातात धरून वितळवायचा अन् स्वतःच टोचायचा. हात हलका होता, हे वैरीही कबूल करील.

चार महिन्यांत सूज तसूभर उतरली नाही. ग्यानोबानं शेजारीपाजारी सांगून टाकलं, की औषध लई भारी हाय, सुनेलाच बरं व्हायचं न्हाई. बरं झालं की भाकऱ्या थापाव्या लागतील ना.

नांदेडला चंद्रप्रभा मॅडमनी पुनमची बोटं दाबून पाहिली. दोन सांधे कायमचे गेले होते. मग त्यांनी विचारलं, इंजेक्शनं ठेवता कुठं? ग्यानोबानं फ्रीज सांगितला.

"खालच्या कप्प्यात ना, काका? गोळी रसायनं जुळवून करतात, ती थंडी सोसते. हे जिवंत पेशींकडून करवून घेतलेलं प्रथिन आहे. त्याच्या आकारातच त्याचा गुण. गोठलं की आकार मोडतो. वितळल्यावर दिसायला तसंच, पण उपयोग काही नाही."

ग्यानोबाच्या डोळ्यांपुढून आठ सिरिंजा गेल्या. एका पारड्यात एकतीस वर्षांचं नाव, दुसऱ्यात सुनेची उरलेली बोटं. तोलायला त्याला फार वेळ लागला नाही.

"खालीच," तो म्हणाला.

पुनमनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. दर खेपेला आमरसाचा डबा सरकवून सिरिंजांना जागा तीच करून द्यायची. परक्यासमोर सासऱ्याला खोटं पाडायचं तिच्या माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. तिनं मान खाली घातली.

मॅडमनी कागदावर लिहिलं, की हे औषध लागू पडत नाही, बंद. दुसऱ्या औषधाच्या सरकारी मंजुरीला तीन महिने तरी लागतील, तोवर गोळ्याच.

स्टँडवर पुनमनं पाण्याची बाटली त्याच्यापुढं धरली.

"मामा, झाकण निघंना."

त्यानं काढून दिलं. ती प्यायली, तसं परत लावूनही दिलं.