गट एकशे सत्तेचाळीस, पडीक

"हरकत क्रमांक एकशे बारा! शांतम्मा सिद्रामप्पा…" पुढचे आडनाव शिपायाने गिळले.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या शांतम्मा पदर सावरत नियोजन समितीच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. नगरपरिषदेच्या सभागृहात सकाळपासून एकच रडगाणे चालले होते. नव्या विकास आराखड्यात माझे शेत शेतीच्या हिरव्या पट्ट्यात का घातले? घरांच्या पिवळ्यात घाला, म्हणजे प्लॉट पाडता येतील. एकशे अकरा माणसे हेच बोलून गेली होती आणि समितीचे अध्यक्ष पार विटले होते.

"बोला आजी. पिवळंच पाहिजे ना?"

"न्हाई सायेब. पिवळं केलाव म्हनूनच आले. मला हिरवं पायजे. हरबरा असतोय आमचा तिथं."

सभागृह खदखदून हसले. अध्यक्षांनी फाईल पाहिली. "गट एकशे सत्तेचाळीस. पाहणीत 'पडीक' लिहिलंय. पडीक जागेवर घरं दाखवली तर बिघडलं कुठं?"

"पडीक?" कुणी शिवी हासडावी तशा त्या दचकल्या. "कवा बघितलाव?"

"मे महिन्यात."

"उनाळ्यात नांगरून टाकलेलं असतंय की हो! ढेकळं तापू देतो आमी. पीक न्हाई दिसलं की पडीक व्हय?"

कोपऱ्यात नकाशांची भेंडोळी सांभाळत अनंतराव बसले होते. कार्यालयाचे नकाशे काढणारे तेच आणि त्या पाहणीवर सहीही त्यांचीच. माणूस मुखेडकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. शेतात पाय ठेवला असता तर नांगरट आणि पडीक यांतला फरक त्यांना डोळे मिटूनही कळला असता. पण त्या दिवशी ऊन मी म्हणत होते, गुडघा ठणकत होता आणि ड्रोनने काढलेला फोटो टेबलावर आयता पडला होता. फोटोत सगळे उघडेबोडके. त्यांनी 'पडीक' लिहिले आणि चहा मागवला.

निवृत्तीला आठ महिने होते. आता तोंड उघडले तर चौकशी लागणार, पेन्शन लटकणार, हे त्यांना पाठ होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत गप्प बसण्यात ते चांगलेच तरबेज झाले होते. पण त्या 'पडीक'ची त्यांना लाज वाटली. फार लाज वाटली. ते उठले.

"साहेब, चूक माझी आहे. मी शेतावर गेलोच नव्हतो."

अध्यक्ष चिडले नाहीत. चिडायलाही त्राण लागते. "मग घरं कुठं बसवू, अनंतराव?"

"कापसाच्या बंद जिनिंग मिलमधी बसवा. बाजाराला लागून सतरा एकर हाय. रस्ता, नळ, नाली, समदं हाय तिथं. वीस वर्षं झाली, निस्त्या बाभळी वाढून राहिल्यात."

बोलता बोलता आपण घरच्या भाषेत घसरलो, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

"तिथं तीन भावांचा दावा चालू आहे. त्यात कोण हात घालणार? आजींची जागा मोकळी आहे." अध्यक्ष कारकुनाकडे वळले. "हरकतीची नोंद घ्या. अनंतराव, तुम्ही काय ते लेखी द्या. पुढचे!"

अनंतरावांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिले. बाहेर आले तेव्हा शांतम्मा जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"हिरवं झालं का हो?"

"नोंद घेतलीय," ते सवयीने म्हणाले. मग त्यांना राहवेना. "न्हाई शांतम्मा. होईल असं दिसत न्हाई. माझ्यामुळं झालं हे."

आता ही बाई तोंड सोडणार, असे त्यांना वाटले. सोडले असते तर बरे झाले असते.

"मंग औंदा हरबरा पेरू का नगो?" शांतम्मांनी विचारले.

"पेरा. वरून मंजुरी यायला दीड-दोन वर्षं जातात."

शांतम्मांनी बोटांवर मोजले. "म्हंजे दोन सुगी."

"हाव."

"मला पुरतील," त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.