‘वाढव’ नावाची फाईल

ग्रंथालयातल्या बावीस संगणकांपैकी एकवीस रोज संध्याकाळी साडेपाचला आपोआप झोपी जायचे. बटणाला कुणी हात लावत नसे. जिन्याखालच्या कोनाड्यातलं एक जुनं करडं यंत्र तारेतून सगळ्यांना निरोप धाडायचं, प्रत्येकाच्या पडद्यावर एक चौकट उमटायची, पाच मिनिटं उलटी मोजली जायची आणि मग एकेक पंखा गप्प व्हायचा.

ही करामत बाबांची. इथलं नेटवर्क त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळलं. चौकटीत काय लिहायचं हे यंत्राने त्यांच्यावर सोडलं होतं, आणि बाबांवर काही सोडलं की ते सरळ होत नसे. सात नंबरवर मास्तर बसत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते आपल्या आठवणी एका बोटाने टाईप करत होते. त्यांना निरोप यायचा, ‘मास्तर, चष्मा टेबलावर राहिलाय. डोक्यावर शोधू नका.’ चार नंबरवर नोकरीचे अर्ज भरणारी मंडळी. त्यांना, ‘फोटो जोडलात? परत बघा. आता खरंच बघा.’ मोठ्या मॅडम ग्रंथालयाच्या प्रमुख, पण त्यांनाही सूट नव्हती. ‘मॅडम, तुम्ही उठल्याशिवाय कुणी उठत नाही. उपकार करा.’

बाबांना जाऊन सात महिने झाले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाबांची मेल्यावरही गेली नव्हती.

त्यांची मुलगी वरच्या मजल्यावर पुस्तकांची सूची करायची. तिचा संगणक अकरा नंबरचा. सात महिने ती साडेपाचला पाच कमी असताना पुस्तकांची गाडी ढकलत कपाटांच्या मागे जायची आणि पावणेसहाला परत यायची. तोवर तिच्या पडद्यावरची चौकट आपली आपण मिटलेली असायची.

“सूचीबाईंना हल्ली पुस्तकांचा फार लळा लागलाय,” मास्तर म्हणायचे.

“पुस्तकं टोमणे मारत नाहीत, मास्तर.”

“म्हणजे तू ती वाचत नाहीस.”

येत्या शनिवारी ते करडं यंत्र भंगारात जायचं होतं. नवी व्यवस्था येणार होती आणि सगळ्या पडद्यांवर एकच वाक्य दिसणार होतं. ‘संगणक पाच मिनिटांत बंद होईल. कृपया आपले काम जतन करावे.’ मोठ्या मॅडमनी तिला मुद्दाम बोलावून विचारलं होतं, “तुमची काही हरकत?” ती म्हणाली होती, “चालेल.” आणि मग दिवसभर एकाच पुस्तकाची तीनदा नोंद केली होती.

नवी व्यवस्था आणणारा मुलगा बाबांच्या जागी लागून तीन आठवडे झाले होते. काहीही सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं. “झटपट करून देतो.” मास्तरांनी तिसऱ्याच दिवशी त्याचं बारसं केलं आणि तो सगळ्यांचा झटपट झाला.

गुरुवारी दुपारी मोठ्या मॅडम त्याला म्हणाल्या, “परीक्षा जवळ आल्यात. मुलं मागे लागलीत. आजपासून संगणकांची वेळ अर्धा तास वाढवा.”

“झटपट,” तो म्हणाला आणि जिन्याखाली गेला.

बाबांच्या यंत्रावर दोनच फायली होत्या. एकीचं नाव ‘वाढव’, दुसरीचं ‘बसा’. झटपटला बाबांचं कौतुक वाटलं. म्हाताऱ्याने वेळ वाढवायची सोयसुद्धा करून ठेवलीय! त्याने ‘वाढव’ दाबलं.

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा नंबरसमोर ती बेसावध बसली होती. मराठी कोशांचा एक गठ्ठा उजवीकडे, अर्धा कप थंड चहा डावीकडे. पडद्याच्या मधोमध चौकट उघडली.

‘बाईसाहेब, तुमचं चालू द्या. मी खाली सायकलपाशी आहे. मुळीच कंटाळलेलो नाही.’

खाली मिनिटं मोजणारे आकडे नव्हते. तिच्या चौकटीत ते कधीच नसत. बाविसांतला न झोपणारा संगणक तिचा होता. तिला निघायला उशीर व्हायचा म्हणून बाबांनी तो यादीतून वगळला होता, आणि स्वतः खाली सायकलच्या स्टँडपाशी वर्तमानपत्राची घडी घालत, उलगडत उभे राहायचे. शेवटचं वाक्य शुद्ध खोटं होतं. ती खाली आली की पहिला प्रश्न असायचा, “आज काय ग्रंथालय नव्याने लिहून काढलंस?”

तिने चहाचा कप उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

एवढ्यात खालच्या दालनातून मास्तरांचा आवाज आला. “अरे, माझं लग्न चाललंय! आत्ता कुठं बंद करता?”

मास्तर आठवणींमध्ये लग्नापर्यंत पोचले होते, आणि काम साठवून ठेवणं ही गोष्ट त्यांना चौदा वर्षांत जमली नव्हती. चार नंबरवरची मुलगी अर्जाच्या शेवटच्या पानावर होती. तिने रडायलाच सुरुवात केली.

सूचीबाई जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या गाळत. कोनाड्यात झटपट घामाघूम होऊन कळा बडवत होता.

“ताई, थांबतच नाहीये!”

“तू केलंस काय?”

“वाढवलं!”

“तेच तर!”

“मॅडमनीच सांगितलं, वाढवा म्हणून!”

तिला हसू फुटलं. भलत्या वेळी, भलत्या जागी. “अरे वेड्या, आमच्या आजोबांचं शिवणकामाचं दुकान होतं. संध्याकाळी फळ्या लावताना ‘दुकान बंद करतो’ असं म्हणायचं नाही. ‘वाढवतो’ म्हणायचं. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतात. बाबांच्या तोंडून ‘बंद’ हा शब्द कधी निघालाच नाही.”

“मग हे आता… कमी कसं करू?”

“शेजारी ‘बसा’ आहे ना? ते दाब.”

एक मिनिट आणि नऊ सेकंद उरले असताना एकवीस पडद्यांवर नवी चौकट आली. ‘बसा, बसा. घाई माझीच झाली. तुमचं काही चुकलेलं नाही.’

दालनात चार नंबरवरच्या मुलीने डोळे पुसले. मग मास्तर पडद्याला म्हणाले, “चुकतोस आणि वर रुबाब करतोस. काही बदल नाही.”

मोठ्या मॅडम तोवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. “पुरे झाला हा पोरखेळ. शनिवारची वाट कशाला? हे आजच काढून टाका.”

झटपटने तिच्याकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. ‘चालेल’ हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. सात महिन्यांत तिने तो इतका वापरला होता की गुळगुळीत झाला होता.

“नाही चालणार,” ती म्हणाली.

“काय?”

“यंत्र जाऊ दे, मॅडम. जुनं झालंय, मलाही दिसतं. पण निरोप राहू देत. नव्या व्यवस्थेत घालता येतात. त्यांची देखभाल मी करीन.”

“शिस्तीचं काय? कुणाला चष्मा, कुणाला फोटो…”

“मॅडम,” मास्तर म्हणाले, “चौदा वर्षं माझ्या चष्म्याची आठवण या यंत्राने ठेवलीय. उद्यापासून तुम्ही ठेवणार असाल तर खुशाल काढा. रोज साडेपाचला इथं यायचं मात्र.”

मोठ्या मॅडमनी ओठ आवळले. हसू दाबायची त्यांची तीच पद्धत होती. “आणि माझ्या निरोपाचं काय? मी उठल्याशिवाय कुणी उठत नाही, हे सगळ्या गावाला वाचून दाखवायचं?”

“तो फक्त तुमच्याच पडद्यावर येतो, मॅडम.”

“मग हे सगळे माझ्याकडे बघून का हसतात?” त्या वळल्या. जाता जाता म्हणाल्या, “फाईलचं नाव तेवढं बदला.”

“‘बंद’ ठेवू?” झटपटने उत्साहाने विचारलं.

“नाही!” ती आणि मास्तर एकदम ओरडले. नाव तेच राहिलं.

मग दोघं कोनाड्यात बसून निरोप नव्या व्यवस्थेत उतरवू लागली. ती वाचायची, तो टाईप करायचा. मधूनमधून तो हसायचा, आणि ती थांबून त्याला हसू द्यायची. शेवटी त्याने यादी तपासली.

“ताई, अकरा नंबर राहिलाय. निरोप आहे, पण वाढवायच्या यादीत नाही. म्हाताऱ्याची चूक दिसते.”

“चूक नाही ती.” तिने थोडक्यात सांगितलं. उशीर, स्टँड, वर्तमानपत्र.

झटपटची बोटं कळांवर थांबली. पहिल्यांदाच त्याला कसली घाई नव्हती. “मग तसाच ठेवू?”

तिने विचार केला. वरचे कोश, थंड चहा, कपाटांमागची ती रोजची वीस मिनिटं. आता खाली कुणी उभं नसतं, हे तिच्या संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

“निरोप तसाच ठेव,” ती म्हणाली. “पण अकरा नंबरही वाढव. सगळ्यांबरोबर.”

“आणि बावीस? ती तर आता माझी जागा. तिथं काहीच लिहिलेलं नाही.”

“ती बाबांची जागा होती. स्वतःला कोण टोमणे मारतं?”

“मला मारा ना मग,” तो म्हणाला. तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि त्याला मान फिरवायला लावली.

त्या दिवशी वाढलेल्या वेळेनुसार सहाला पाच कमी असताना ती कपाटांमागे गेली नाही. चौकट आली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. या वेळी खाली आकडे होते. तिने कप विसळला, कोश जागेवर लावले, पिशवी खांद्याला लावली. आकडे संपले, अकरा नंबरचा पंखा गप्प झाला. अजून उजेड होता. या उजेडात ती कित्येक वर्षांत घरी निघाली नव्हती.

“येते,” ती म्हणाली. आजूबाजूला कुणीच नव्हतं, पण निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही हेही तिला बाबांनीच शिकवलं होतं.

ती सायकलच्या स्टँडपाशी पोचली तेव्हा कोनाड्यात निरोपांची यादी पुन्हा तपासणाऱ्या झटपटची आरोळी आली. “ताई! हे काय लिहिलंय? ‘झटपट, वाढव म्हणजे काय ते कळलं ना? मग दुकान वाढव आणि जा घरी.’ अहो, झटपट हे माझं नाव नाहीये!”

“चौदा वर्षं थांब,” तिने बाहेरून ओरडून सांगितलं. “सवय होईल.”