डोळ्यात राहिलेली कपची

ज्ञानू लढाईवरून मार्गासनीला परतला तेव्हा गावाला तो धडधाकट दिसला. डावा डोळा तेवढा पाणावलेला. त्यात काचेची बारीक कपची आहे, हे फक्त त्याच्या बायकोला, चंद्राबाईला, ठाऊक होतं.

आसामात तो विमानांचे, पायलटच्या डोक्यावरचे पारदर्शक काचेचे टप बसवायचा. ही काच वाळू वितळवून केलेली नव्हे. रसायनापासून बनवलेली, हलकी, पाण्यासारखी नितळ. गोरे तिला कुणी पर्स्पेक्स म्हणत, कुणी प्लेक्सिग्लास. एकदा तो टपाखाली काम करत असतानाच जपानी विमानं आली. गोळी टप फोडून गेली नि कपच्या तोंडावर उडाल्या. फौजेच्या डॉक्टरानं बाकीच्या काढल्या. एक खोल होती, ती राहिली.

घरी आल्यापासून त्याला चैन नव्हतं. नांगर धरला की सोडायचा, जेवता जेवता उठायचा. कपची सरकत मेंदूत जाईल, एक डोळा नासला की दुसराही जाईल, असं काहीबाही मनात यायचं.

"अवं, उद्या वैदू यायचाय," चंद्राबाई म्हणाली. "सुईनं काढतो म्हंतोय. एकदाचा सोक्षमोक्ष लावा."

"लावू," तो म्हणाला आणि पुन्हा येरझारा घालू लागला.

तेवढ्यात मेव्हणा मानसिंग आला, खांद्यावर ठासणीची बंदूक टाकून. ज्ञानूनं फौजेतून आणलेला टपाचा तुकडा त्याला दिसला.

"दाजी, ह्या काचंला गोळी लागत न्हाई म्हंत्यात. रानडुकरामागं जाताना कुणाचा बार चुकला तर म्हनून छातीला बांधू का?"

"येडा हायस का? गोळी अडवती ती काच येगळी. जाडजूड, थरावर थर चिकटवल्याली, पायलटच्या तोंडाम्होरं असती. ही निस्ती वाऱ्यापुरती."

मानसिंगला पटेना. त्यानं तुकडा पेंढ्याला टेकवून उभा केला आणि बार काढला. धूर विरला. तुकड्याला आरपार भोक पडलं होतं. मानसिंगचा हात आपसूक छातीवर गेला.

 ज्ञानूनं वाकून पेंढ्यातली एक कपची उचलली. बोटाला रक्त आलं. असलं काही डोळ्यात, आणि वैदू तिथं सुईनं टोकरणार! तो जेवायलाही थांबला नाही. नसरापूर गाठलं आणि तिथून मोटारीनं भोर.

भोरचे रघुवीर डॉक्टर बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"लोखंड असतं तर गंजून डोळा गेला असता. इथं सूज नाही, लाली नाही. ही काच डोळ्याला सोसलेली दिसते. कशी, ते मला सांगता येणार नाही. पण हात लावू नका."

"पुढं काय हुईल, साहेब?"

"ठाऊक नाही. दुखलं तर लगेच या."

दुसऱ्या दिवशी ज्ञानू परतला तेव्हा वैदू ओट्यावर बसला होता. ज्ञानूनं त्याला माघारी धाडलं.

"आन उद्या डोळा गेला म्हंजी?" चंद्राबाई रडत म्हणाली.

"गेला तर गेला. पर सुई न्हाई लावू द्यायचा."

भात कापून झालं तरी डोळा शाबूत होता. उन्हात जरा धूसर दिसे, इतकंच. धास्ती मात्र पुरती गेली नाही. अजून पहाटे तो दचकून उठायचा. पण आता एकटा फेऱ्या मारत नसे. चंद्राबाईला हाक मारायचा, आणि तीही कुरकुर न करता चूल पेटवून त्याच्याजवळ बसायची.