सायकल थांबली की

लेकीने जागच्या जागी चालवायची सायकल पाठवली आणि फोनवर बजावलं, "बाबा, पाय हलले की स्नायूंतून रक्तात रेणू सुटतात. हृदय, यकृत, मेंदू, सगळ्यांना त्यांचा फायदा होतो. आणि तुम्ही सायकल चालवली की मला इथे मोबाइलवर कळतं."

तिची आई गेल्यापासून घरात मी आणि माझा खोकला. रोज कुरकुरत पायडल मारत होतो. पायांचा निरोप यकृतापर्यंत पोचला असेल, लेकीचा फोन मात्र महिनाभर नाही. बाप ठणठणीत आहे हे तिला कळत होतंच ना.

मग ताप आला, सायकल थांबली आणि संध्याकाळीच फोन वाजला. "बाबा, बरे आहात ना?"

आता ताप उतरलाय, अंगात बळही आहे. तरी आज सायकलवर नुसताच बसलोय, पाय खाली सोडून, मोबाइल मांडीवर ठेवून.