कपाटातले मामा

भाषेच्या सरांना दहावीच्या वर्गात शिकारीची एक थरारक गोष्ट शिकवायची होती. पोरं पेंगत होती, म्हणून त्यांनी आपल्या मामांनाच वर्गात बोलावलं. मामांनी उभी हयात रानडुकरांच्या मागे घालवली होती. आपली पाळी येईपर्यंत ते मागच्या बाकावर बसून ऐकत राहिले.

सरांनी फळ्यावर लिहिलं: पूर्वसूचना, प्रतीक, उपरोध.

"आधी फांदी मोडते, मग पाखरं गप्प होतात. ही पूर्वसूचना. लेखक उगीच काही लिहीत नाही. आणि उपरोध असा, की जो शिकारी, तोच शेवटी सावज होतो."

"नेहमी?" मामांनी विचारलं.

"चांगल्या गोष्टीत नेहमी."

मामांचं भाषण राहूनच गेलं. ते उठले आणि तडक भाच्याच्या घरी आले. स्वयंपाकघरात भाच्याच्या बायकोच्या हातून झाकण पडलं, तसे दचकले. नळ टपटपत होता. शेजाऱ्यांचं मांजर खिडकीतून त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

"सूनबाई, हे काही उगीच नाही," असं म्हणून ते कपड्यांच्या कपाटात शिरले आणि आतून दार ओढून घेतलं.

संध्याकाळी सर आले, तेव्हा मामा इस्त्रीच्या शर्टांखाली उकिडवे बसले होते.

"मामा, अहो, मी गोष्टीतलं बोलत होतो. चांगल्या गोष्टीतलं."

"मग माझं आयुष्य काय टाकाऊ आहे?"

सरांनी एक शर्ट बाजूला सारला. "सावज होणं म्हणजे मरणंच असं नाही हो. ते प्रतीकही असतं."

"प्रतीकानं मेलो तरी मेलोच की रे."

सकाळी मामा दार उघडेनात. सर झोपायच्या कपड्यांतच शाळेत गेले आणि तिथून त्यांनी मामींना फोन केला.

मामी आल्या. ओरडल्या नाहीत, समजूतही काढली नाही. कपाटासमोर स्टूल ओढून बसल्या. सूनबाईनं दिलेला चहा त्यांनी बशीचा आवाज न करता संपवला. दुपार टळली. शेवटी दार बोटभर उघडलं.

"कोण आहे?"

"मी."

"कधीपासून बसलीस?"

"लग्न झाल्यापासून," मामी म्हणाल्या. "तुम्ही रानात, मी दारात. तुमच्याकडे निदान डुक्कर तरी यायचं."

दार पुरतं उघडलं. मग मामा गुडघे धरत बाहेर आले. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून मामींनी दंड धरला.

"दारात बसून काय करायचीस?" त्यांनी विचारलं.

मामी सांगू लागल्या. बसथांब्यापर्यंत त्याच बोलत होत्या आणि मामा मान खाली घालून ऐकत होते. बस आली, थांबली. मामांनी हातानंच ड्रायव्हरला पुढे जायला सांगितलं. मामींच्या सांगण्यात अजून लग्नाचं पहिलंच वर्ष चाललं होतं.