कटरमास्तरांचा उजवा हात

थोरल्या भावाच्या शिलाईच्या दुकानात कापड बेतायचं नि कापायचं काम तीस वर्षं मास्तरांकडे होतं. मग उजव्या तळव्यात एक गाठ आली. तिची दोरीसारखी ताठ रेघ झाली आणि पाच वर्षांत करंगळी व तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वाकत गेलं. मोठी कात्री हातात बसेना. दुखत मात्र काहीच नव्हतं.

"दुखत नाही, मग नाटकं कसली?" भाऊ गिऱ्हाइकांदेखत म्हणाला आणि त्याने मास्तरांना काजं-बटणांवर बसवलं. मास्तरांनी राग गिळला.

नेहमीचे डॉक्टर हाताकडे न बघताच सांगत, "शीर आखडलीय. तेल चोळा, बोटं ओढा." बायको रोज ओढायची आणि मास्तर तिच्यावरच खेकसायचे.

शेवटी सुनेने त्यांना हाताच्या सर्जनबाईंकडे नेलं.

"तळवा टेबलावर सपाट ठेवा," बाई म्हणाल्या. तळवा टेकेना. बाईंनी ती रेघ चाचपली. "शिरा ठणठणीत आहेत. कातडीखालचा पडदा जाड होऊन आखडलाय. ओढून सुटायचा नाही, कापून काढावा लागेल. हे बोट सरळ होईल. करंगळी फार दिवस वाकलेली राहिली, ती पुरती सुटणार नाही. दोन वर्षं आधी यायला हवं होतं."

"दोन वर्षं आधी मी डॉक्टरकडेच होतो की!" मास्तर ओरडले. सून दचकली.

तिथून ते तडक जुन्या डॉक्टरांकडे गेले, रांग डावलून आत शिरले. "पाच वर्षांत एकदा तरी हा हात हातात घेतलात?"

"अहो, वयोमानाने..."

"वयाचं सांगू नका. तुमच्या आळसापायी माझी करंगळी गेली!"

बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टर खाली मान घालून कागद चाळत बसले.

ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर झोपताना हाताला बोटं सरळ धरणारी कडक पट्टी, दिवसभर बोटांची उघडमीट. बोटं ठणकायची, मास्तर शिव्या घालत व्यायाम करायचे. तीन महिन्यांनी शेजारचं बोट सरळ झालं, करंगळी अर्धवटच. पण कात्री बसली.

भाऊ घरी आला. "उद्यापासून ये रे. झालं गेलं सोड."

"दादा, चारचौघांत माझी अब्रू काढलीस. माफी मागायचीच तर तीही चारचौघांत माग."

भाऊ चहा न घेताच गेला. माफी आली नाही. मास्तर भावाच्या दुकानासमोरच्या शिंप्याकडे रुजू झाले आणि पहिल्याच सकाळी त्यांनी कोटाचं कापड कापायला घेतलं.