माइक खाली येईपर्यंत

मंत्रीबाईंवर नर्सताईंचा भारी जीव. कपाटाच्या दाराला आतून त्यांचा फोटो चिकटवलेला. पण बाईंच्या भाषणातलं काय आवडतं असं कुणी विचारलं, की ताईंना एक वाक्य आठवायचं नाही. आठवायचं ते एवढंच: दवाखान्यातल्या नव्या वॉर्डाच्या उद्घाटनाला बाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा माइक त्यांच्या कपाळाशी होता. बाईंनी ना टाचा उचलल्या, ना मान ताणली. कुणीतरी धावत येऊन तो खाली करेपर्यंत त्या शांत उभ्या राहिल्या.

महिन्याभराने कर्मचाऱ्यांच्या सभेत नर्सताईंचं नाव पुकारलं. माइक ताडमाड अध्यक्षांच्या मापाचा. ताई त्याच्यासमोर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"अहो, बोला की! टाचा करा जरा उंच," अध्यक्ष खेकसले.

ताई हलल्या नाहीत. सभेत चुळबुळ सुरू झाली. शेवटी अध्यक्षच पुटपुटत उठले आणि त्यांनी माइक खाली केला.

"आता वॉर्डातलं औषधांचं कपाटही असंच खाली घ्या," ताई म्हणाल्या. "बावीस वर्षं आम्ही स्टुलावर चढतोय."